चुकून झालेला सत्कार

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. त्यामुळे तिथं कसं वागायचं हे घरात कुणाला विचारायची सोय नव्हती. वडिलांना विचारलं असतं तर मेंढरांच्या मागून कसं चालायचं ते त्यांनी सांगितलं असतं. साताऱ्याच्या विद्यापीठात पहिलं वर्षभर मी तसाच चाललो, सगळ्यांच्या मागून, थोडं अंतर ठेवून. वर्गात प्रश्न विचारायचा झाला तर तो आधी वहीत लिहायचो, मग खोडून नीट लिहायचो, तोवर तास संपायचा.

दुसऱ्या वर्षी वेळापत्रकाचा वाद सुरू झाला. कला शाखेचे साडेदहाचे तास आता सकाळी सातला होणार, अशी नोटीस लागली. दुपारी आमच्या खोल्या नव्या संगणक अभ्यासक्रमाला हव्या होत्या. मी कवठे महांकाळकडचा, राहायला वसतिगृहात, मला सात काय आणि साडेदहा काय. पण माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी रहिमतपूरच्या पुढच्या एका वस्तीवरून रोज एसटीनं यायची. तिची पहिली गाडी साताऱ्याच्या स्टँडवर आठला पोचायची. म्हणजे पहिला तास रोज बुडणार, हजेरी कमी पडणार आणि परीक्षेला बसता येणार नाही. वसतिगृहाला तिच्या घरून परवानगी नव्हती. "जाऊन येऊन जमतंय तवर शीक," एवढीच तिच्या वडिलांची अट होती. आणि ती माझ्यासारखी वहीत प्रश्न खोडत बसणारी नव्हती. तिला शिकायचंच होतं.

आमच्या वर्गाचा पुढारी कडेगावकडचा, ऊसवाल्या घरातला. त्याची मोटारसायकल गेटवर आली की ग्रंथालयात कळायचं. त्यानं ठरवलं, कुलसचिवांना निवेदन द्यायचं. विद्यापीठाचा कारभार त्यांच्याच सहीनं चालायचा. मला म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं हाय. निवेदन तू लिही. बाकीची तयारी बी तूच बघ गड्या. बोलायचं मी बघतो."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं. निवेदन मी चार वेळा लिहिलं. 'मागणी' हा शब्द उद्धट वाटला म्हणून 'विनंती' केली, मग 'नम्र विनंती', शेवटी 'अत्यंत नम्र विनंती'. नंतर बाकीच्या तयारीचा विचार करू लागलो.

माझे वडील मेंढरं घेऊन नव्या गावात गेले की कुणाच्या रानात मुक्कामाला बसवायच्या आधी गावातल्या मोठ्या माणसाच्या दारात जायचे. जाताना टॉवेल, टोपी आणि नारळ न्यायचे. आधी मान द्यायचा, चहा व्हायचा आणि मग हळूच रानाचं बोलायचं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर कितीतरी दारांत उभा राहिलोय. रिकाम्या हातानं काही मागायला गेलेले वडील मी कधी पाहिले नाहीत. त्यामुळे 'बाकीची तयारी' म्हणजे काय याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. उलट हे आपल्यालाच बरोबर सुचलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो. राजवाड्याजवळच्या दुकानातून पांढरा टॉवेल आणि टोपी घेतली. नारळ कानाजवळ हलवून पाण्याचा आवाज ऐकून निवडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातआठ जण कुलसचिवांच्या दालनात गेलो. ती मुलगीही होती. पुढाऱ्यानं सुरुवात करून दिली की तिनं गाडीची अडचण सांगायची, असं ठरलं होतं. माझ्या हातातल्या पिशवीत झेरॉक्स असतील असं सगळ्यांना वाटत होतं.

पुढारी घसा साफ करत होता. हीच वेळ, असं मला वाटलं. मी पुढं झालो, कुलसचिवांच्या खांद्यावर टॉवेल ठेवला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला.

आणि मागं टाळ्या वाजल्या. आमच्या भागात कुणाच्याही हातात नारळ दिला की टाळ्या वाजतात, त्याला कुणाचा इलाज नाही. कोपऱ्यातल्या लिपिकानं मोबाइल काढून फोटो घेतला. कुलसचिव क्षणभर बावरले, मग त्यांचा चेहरा उजळला. "मला माहीत होतं. सकाळी लवकर अभ्यास करण्याची सवय खेड्यातल्या मुलांनाच कळते," असं म्हणून ते स्वतःच्या शाळेतल्या सकाळींबद्दल बराच वेळ बोलले. टोपी त्यांना लहान होत होती, ते मधूनमधून ती सावरत होते. तेवढ्यात बैठकीचा निरोप आला आणि ते उठले. निवेदन माझ्या पिशवीतच राहिलं.

बाहेर आल्यावर पुढारी म्हणाला, "मर्दा, आपण भांडायला आलतो का सोयरीक जमवायला?"

संध्याकाळी फोटो विद्यापीठाच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं: नव्या वेळापत्रकाबद्दल विद्यार्थ्यांकडून कुलसचिवांचा सत्कार. मेसमध्ये मला ताट वाढणाऱ्या मावशींनीही विचारलं, "आमचा सत्कार कवा रं?"

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी बाकावर बसली आणि पुढं बघूनच म्हणाली, "फोटो आमच्या घरी पोचला. मी मागं टाळ्या वाजवताना दिसत्येय. बाबा म्हणाले, तुझ्याच पसंतीनं वेळ बदलली व्हय? मग पुढच्या महिन्यापास्नं घरी बस आणि बाहेरून परीक्षा दे."

मी म्हणालो, "मी काहीतरी करतो."

"नको," ती म्हणाली. "तू काही करू नको."

तरीही पुढचा आठवडाभर मी रोज सकाळी स्टँडवर जाऊन उभा राहिलो आणि तिच्या रस्त्यानं येणारी पहिली गाडी किती वाजता आली ते लिहून ठेवलं. एका कंट्रोलरनं तिसऱ्या दिवशी विचारलं, "कुणाची वाट बघतोयस?" मी म्हणालो, "गाडीची."

मग तो कागद घेऊन मी पुढाऱ्याला न सांगता कुलसचिवांकडे गेलो. कागद बघून तीही आली होती, तिला बाहेर बाकड्यावर बसवलं होतं. दारात दोनदा परत फिरलो, तिसऱ्या वेळी शिपायानंच आत ढकललं. कुलसचिवांनी मला लगेच ओळखलं. "आज काय आणलंय?"

"काही नाही, सर." मी रिकामे हात दाखवले. "सर, तो सत्कार चुकून झाला."

मी वडिलांचं, मेंढरांचं, दारांचं सगळं सांगून टाकलं, उलटसुलट. शेवटी त्यांनी विचारलं, "मग तुम्हाला मागायचं काय होतं?"

"मला काही नाही, सर. फोटोत मागं उभी आहे तिला."

तिला आत बोलावलं. तिनं एकदाही 'नम्र' म्हटलं नाही. गाडी किती वाजता येते, पहिला तास किती वाजता असतो आणि घरी काय ठरलंय, हे तिनं चार वाक्यांत सांगितलं. मी चार वेळा लिहून जे जमवलं नव्हतं ते तिला एका दमात जमलं. कुलसचिवांनी माझा कागद वाचला आणि विचारलं, "सव्वाआठला पोचशील?"

"स्टँडवरनं पळत येईन, सर."

पुढच्या सोमवारपासून तास सव्वाआठला सुरू झाले. पुढाऱ्यानं ग्रुपवर लिहिलं, आपल्या लढ्याला यश. त्याखाली त्यानं स्वतःचा फोटो टाकला, ते बरंच झालं, जुना फोटो वर सरकून गेला.

सोमवारी मी तिची जागा धरून बसलो होतो. ती हजेरी सुरू झाल्यावर धापा टाकत दारात आली, "येस सर" म्हणाली आणि मग बाकावर बसली. वही काढता काढता तिनं माझ्या पिशवीकडे बघितलं.

"नारळ न्हाई ना आत?"

मी पिशवी उघडून दाखवली.