दगडू आणि याह्या

दहिवडीहून साताऱ्याला जाणाऱ्या मोटारीत मी चढणार, तेवढ्यात आईनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हणाली, "दगडू, ह्या नावानंच तू वाचलास. लय जपून ऱ्हा." माझ्याआधीची चारही भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून मला दगडू केलं. दगड कोण उचलून नेतो? गावाकडच्यांनो, तुम्हाला हे सांगायला नको, तुमच्या घरीही धोंडू आहेतच.

साताऱ्याच्या फौजेच्या भरतीत मात्र मला त्या नावाची लाज वाटली. साहेबानं विचारलं, तर मी छाती काढून सांगितलं, जयसिंग! पत्र त्याच नावानं घाला म्हणून घरी कळवलं. तेव्हापासून आईचं एकही पत्र येईना.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत आमची पलटण इराणात गेली. मी लॉरी चालवायचो. त्याच रस्त्यावर याह्या नावाचा, इराणातल्याच तबरेज शहराकडचा अझरबैजानी ड्रायव्हर होता. घाटात माझी लॉरी रुसली की हा बहाद्दर आपली थांबवून मदतीला यायचा. एकदा चहा पिताना मी मोडक्यातोडक्या फारसीत त्याच्या नावाचा अर्थ विचारला. म्हणाला, नाव एका पैगंबराचं, अरबीतून आलेलं. आणि अरबीत त्याचा अर्थ होतो 'जगतो'. त्याच्याआधी त्याचे तीन भाऊ गेले होते. आईनं मुद्दाम हेच नाव ठेवलं.

मग त्यानं माझं विचारलं. जयसिंग ओठांवर आलं होतं, पण का कोण जाणे, मी रस्त्यातला एक धोंडा उचलून दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली. वाटलं, हसेल. त्यानं तो धोंडा हातात घेतला, फुंकून धूळ उडवली आणि मला परत दिला. "तुझ्या आईनंही तेच मागितलं की," एवढंच बोलला. मला रडू आलं.

त्याच दिवशी पत्र लिहिलं. खाली सही केली, तुझा दगडू. दोन महिन्यांनी गावच्या मास्तरांच्या अक्षरात आईचं उत्तर आलं: "नाव टाकलंस म्हणून भ्या वाटत हुतं. त्ये नवं नाव घ्यायला जीभच रेटंना. पर तू हाईस. आता कंचंबी नाव लाव."

लढाई संपली. आता मी सांगलीत लॉरी चालवतो. शेजारच्या जैन व्यापाऱ्यांनी खोली मिळवून दिली, काम दिलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. इथं मी सगळ्यांचा जयसिंगराव. पण सुगी सरली की आई येते. मुभा देऊनही तिच्या तोंडी ते नाव कधी आलं नाही. मोटारीतून उतरून येते आणि उंबऱ्याबाहेरूनच हाक मारते, "दगडू, हाईस का रं?" तेवढ्या हाकेनं या भाड्याच्या खोलीचं माझं घर होतं.

हातातलं टाकून मी दाराकडं धावतो. "हाय की गं, आई, हाय!"