लव्हेटाची टंबलवीडमधली खुर्ची

लव्हेटा क्रॅब्ट्री आमच्या विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर होती. अकरा वर्षांची असताना ती ओक्लाहोमाहून बापाच्या ट्रकमध्ये गाद्यांच्या ढिगावर बसून कॅलिफोर्नियात आली. तिथल्या आर्विन गावच्या शेतांत तिने कापूस वेचला, आणि बापाकडून एकच गोष्ट घेतली: स्टील गिटार. ही गिटार टेबलासारखी आडवी असते. डाव्या हातातली जड लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या, पायाने पेडल दाबून सूर वळवायचा. पेडलच्या दांड्या ती जेवणाच्या सुट्टीत स्वतः लेथवर काढायची. फोरमनने एकदा विचारलं, "हा भाग कुठल्या विमानाचा?"

"माझ्या," ती म्हणाली आणि काम चालू ठेवलं.

दर शुक्रवारी आणि शनिवारी ती डॉयल हॅचरच्या 'टंबलवीड' बारमध्ये वाजवायची. बारा वर्षं तीच खुर्ची. गिऱ्हाईक म्हणजे वेल्डर, ट्रकवाले आणि त्यांच्या बायका, सगळे टेक्सास-ओक्लाहोमाकडचे. १९६८ साली डॉयलने दारावर पाटी लावली: कानाखाली केस असणाऱ्या पुरुषांना बिअर मिळणार नाही. म्हणून कॉर्बिन नावाचा तेवीस वर्षांचा गिटारवाला एका शनिवारी दुपारी आत न येता लव्हेटाच्या गाडीपाशी थांबला. त्याच्या बँडने दोन वर्षं रंगीत दिव्यांच्या झगमगाटात वीस-वीस मिनिटांची गाणी वाजवली होती. एकदा सतारही आणली होती.

"आता पुरे झालं," तो म्हणाला. "आजोबांच्या रेडिओवर लागायची तसली गाणी करायची आहेत. तुम्ही वाजवाल, मॅडम?"

"केस कधी कापले होतेस?"

"सहासष्टमध्ये."

"गाणं ऐकव."

तो बॉनेटला टेकून गायला. आजोबांच्या आटलेल्या विहिरीचं गाणं होतं. लव्हेटाने ते शेवटपर्यंत ऐकलं. "दुसऱ्या कडव्यात घाई करतोस," ती म्हणाली. "बुधवारी येते."

डॉयलला हे संध्याकाळपर्यंत कळलंच. "त्या जटाधाऱ्यांच्या नादी लागलीस तर खुर्ची दुसऱ्याची, लव्हेटा. आधीच सांगतो."

"गाणं चांगलं आहे त्यांचं."

"माझा मेव्हणाही चांगला आहे. म्हणून काय त्याला गल्ल्यावर बसवतो?"

डॉयल शब्दाचा पक्का होता. खुर्ची जाणार हे तिला माहीत होतं, आणि कारखान्याबाहेर तिचं म्हणून जे काही होतं ते त्या खुर्चीतच होतं. तरी ती बुधवारी गेली. स्टील गिटार जड, उचलायला दोघं लागतात, म्हणून मीही गेलो.

स्टुडिओत वेगळीच अडचण निघाली. गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालं होतं, आणि पोरांनी जुन्या सवयीने टेप जरा हळू चालवून आवाज स्वप्नाळू केला होता. त्यामुळे सगळं गाणं दोन पट्ट्यांच्या मधोमध येऊन पडलं होतं. पियानोत असे मधले सूर नसतात, म्हणून आदल्या दिवशी पियानोवाला हात टेकून निघून गेला होता.

"तुमच्या तारा उतरवाव्या लागतील," ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला.

"दहा तारा, त्यात प्रत्येक पेडलचा पेच. रात्र होईल," लव्हेटा म्हणाली. "माझ्या गिटारला सतारीसारखे पडदे नाहीत बाबा, कांडी आहे. कांडी कुठेही थांबते."

पहिल्या खेपेला मात्र ती बेसूर झाली. तारांखाली सुरांच्या जागा दाखवणाऱ्या रेषा रंगवलेल्या असतात, आणि बारा वर्षांच्या सवयीने कांडी नेमकी रेषेवर जाऊन बसत होती. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"माझ्याकडे काय बघता? मीही ऐकलं," ती म्हणाली. तिने गळ्यातला रुमाल सोडला, तारांखालून सरकवला आणि सगळ्या रेषा झाकून टाकल्या. "चालव."

या वेळी कांडी सरकताना ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. प्रत्येक सूर रेषेच्या जरा अलीकडे, आणि प्रत्येक नेमका. विहिरीच्या कडव्यात तिने पेडल इतकं सावकाश सोडलं की सूर खाली उतरताना पोहरा दिसावा. गाणं संपल्यावर कॉर्बिनने दुसरं कडवं पुन्हा गायचं ठरवलं, बिनघाईचं.

शुक्रवारी तिच्या खुर्चीत फाँटाना गावचा एक माणूस बसलेला होता. लव्हेटाने एक बिअर घेतली, त्याची तीन गाणी ऐकली, टाळ्या वाजवल्या आणि निघाली.

टंबलवीडमध्ये गुरुवारी फळ्यावर नाव लिहील त्याला स्टेज मिळायचं. नियम डॉयलचाच. पुढच्या गुरुवारी लव्हेटाने नाव लिहिलं.

"सोबत कोण?" डॉयलने विचारलं.

"चार माणसं."

"माणसं?"

"बिअर मागणार नाहीत. पाटीवर तेवढंच लिहिलंय."

सातच्या सुमाराला पोरं स्टेजवर चढली. "अहो बाई, वेणी घालून देऊ का?" कुणीतरी ओरडलं.

"गाणं झाल्यावर घाला," कॉर्बिन म्हणाला. "आता हात गुंतलेत."

थोडे लोक हसले. लव्हेटाने पहिला सूर लावला. नाचायची जागा रिकामीच होती. पहिलं कडवं संपलं, तरी रिकामीच. दुसऱ्यात कापूस वेचणाऱ्यांच्या छावणीपासूनची तिची ओळखीची थेल्मा उठली आणि नवऱ्याला दंडाला धरून ओढत म्हणाली, "ठेका आपलाच आहे की. चल." मग एक वेल्डर आणि त्याची बायको. शेवटच्या कडव्यापर्यंत सात जोड्या झाल्या. वेणीवरून ओरडलेला माणूस भिंतीला टेकून पायाने ठेका धरत होता.

लव्हेटा गिटारचे पाय काढत असताना डॉयल आला. गिटारच्या पेटीचं झाकण त्याने स्वतः धरलं.

"तो फाँटानावाला घाईत वाजवतो," तो म्हणाला. "उद्या येऊन बस तुझ्या जागेवर."

"शुक्रवारी आमची तालीम असते," लव्हेटा म्हणाली. "शनिवारी येईन."

डॉयलने पेटीची कडी लावली आणि एका बाजूने ती उचलली.