स्पीडोमीटरमधला ओ

निवृत्त इंग्रजी मास्तराला यवतमाळात एक मान हमखास मिळतो. शिक्षकभरतीला त्याला 'तज्ज्ञ' म्हणून बसवतात. त्याने पोहे खायचे, मान डोलवायची आणि अध्यक्ष सांगतील तिथे सही करायची. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष कापसाच्या जिनिंगवाले. त्यांचा एकच नियम होता, मास्तराने 'माहीत नाही' म्हणायचं नाही. येत नसलं तर ठोकून द्यावं. हा नियम जिल्ह्यातल्या बहुतेक शाळा मनोभावे पाळतात.

त्या दिवशीची उमेदवार बाभुळगावची होती. सहा वर्षं तासिकेच्या पैशांवर शिकवत होती. ही जागा कायमची होती आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. सातवीच्या वर्गावर तिने नमुना पाठ घेतला, छान घेतला. तेवढ्यात फळ्यावरच्या 'स्पीडोमीटर'कडे बोट दाखवून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, स्पीड आन् मीटरच्या मधात हा ओ कायले?"

ती म्हणाली, "मला माहीत नाही. उद्या बघून सांगते."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. मग स्वतःच उठून वर्गाला सांगितलं, "ओ म्हणजे ऑफ! स्पीड ऑफ मीटर!" समितीने माना डोलावल्या. पोरांनी वहीत लिहून घेतलं.

मला खरं उत्तर येत होतं. ग्रीक लोक दोन शब्द जोडताना मध्ये ओ घालत. बॅरोमीटरमध्ये तो आहेच. इंग्रजांनी तोच सांधा उचलून आपल्या साध्या 'स्पीड'ला ठोकला. चाळीस वर्षं असल्या सांध्यांमागे मी वेड्यासारखा फिरलो, आणि त्या दिवशी तोंडात पोहे असल्यागत गप्प बसलो. पुढच्या वर्षीही बोलावणं यावं म्हणून. एवढीच माझी लायकी.

अध्यक्षांनी शेरा सांगितला, मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली सही केली.

व्हरांड्यात तिने मला गाठलं. निकालाचं काही विचारलं नाही. "सर, तो ओ कशाचा असते? त्या पोरीले सांगाचं हाय."

मी सगळं सांगितलं, अगदी रंगून. तिने पर्समधून कागद काढून लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून म्हणाली, "मंग आतमधी काहून नाही बोलले, सर?"

मी चष्मा पुसत राहिलो. आत टेबलावर तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'विषयज्ञान कच्चे.'