याह्याची पयली बकेट

फोन आला तवा मी स्लॅपवर होतो. हातात पान्हा, समोर सोलरची टाकी, आन टाकीतून खाली जानाऱ्या पाइपाचा जोड मी नुकताच ढिला केला होता. फोन अकोल्याचा. वसंतभाऊ गेले म्हने... रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाईत. वसंतभाऊ म्हंजे माह्या सुनेचे वडील, माहे याही. ज्या मानसासाठी मी तो पाइप खोलून राहिलो होतो, तोच गेल्याचं मले त्या पाइपाजवळ उभं राहून आयकाव लागलं. खाली उतरलो. सून पोळ्या लाटून राहिली होती. साऱ्या मोहल्ल्यात बडबड्या म्हनून माहं नाव, पन तिच्यासमोर मी नुसता पान्हा पुसत राहिलो. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं आन लाटनं खाली ठेवलं.

त्याले आता काही आठवडे झाले. मले लिहता येत नाई, शाळेत मी फक्त मधल्या सुट्टीत हुशार होतो. म्हनून मी बोलतो आन सून लिहून राहिली. बाबांवर रडकं काही सांगाचं नाई, असा तिचाच हुकूम हाये.

आमी अमरावतीचे. माहा धंदा बिछायतीचा, म्हंजे मंडप, खुर्च्या, लगनात पानी तापवाचे मोठमोठे गंज. पहाटं चुलंगन पेटवून मी अख्ख्या वरातीले आंग धुवाले गरम पानी पुरवतो. असा मी दानशूर, आन माह्या घरी एका याह्याले गरम पानी देऊ शकलो नाई. एक हिवाळा नाई, कितीक हिवाळे. त्याचं असं झालं का, पोराचं लगन ठरलं तवा मी सोलर बसवला. लावनारा म्हने, "काका, न्हानी मांगं हाये, टाकीबी मांगंच बसवू." म्या म्हनलं, "मांगं बसवून कोनाले दिसन?" टाकी बसवली पार समोर, रस्त्याच्या तोंडावर. पाइपबी माह्या गोदामातलाच जोडला, चांगला जाडजूड. जेवढा जाड पाइप तेवढं जास्त गरम पानी, हे माहं शास्त्र.

लगनानंतर ऐन पौषात वसंतभाऊ पयल्यांदा मुक्कामाले आले. अकोल्याले त्यायचं टेलरिंगचं दुकान. मानूस इतका कमी बोलनारा का गिऱ्हाइकाले वाटे, आपलं माप मनातच घेतलं. आमच्याकडं याह्याचा मान मोठा. सकाळी न्हानीत पयले तेच जातीन, त्यायच्या आंधी घरातलं कोनी नळाले हातबी लावनार नाई. गेले. बाहेर आले तवा ओठ निळे, आन दात असे वाजून राहिले का वाटलं शिलाई मशीन संगं आनली का काय.

"पानी बराबर होतं ना, याही?"

"बेस होतं."

मी आत जाऊन त्यायच्या बकेटीत उरलेल्या पान्यात बोट घातलं. बरफ! नळ सोडला तं वाफा. दुसरा कोनी असता तं तिथंच समजला असता. म्या ठरवलं, टाकीत बिघाड हाये.

मंग काय, याही येऊन गेले का मी स्लॅपवर. पयले काचेच्या नळ्या घासल्या. मंग टाकीचा वॉल बदलला. मंग कबुतरायवर नाव घेतलं, त्यायले हाकलता हाकलता स्वतःच घसरलो आन चार दिवस कंबर धरून हिंडलो. वर टाकीतल्या पान्यानं माहा हात पोळे आन खाली याही गारठे. एक डाव वाटलं, पाइपालेच थंडी वाजत असन. गोदामातली लगनाची जुनी झालर काढली, लालपिवळी, आन समोरच्या टाकीपासून मांगच्या न्हानीलोक पाइपाले गुंडाळली. शेजारी खालून इचारे, "काहून जी, पाइपाचं लगन हाये का?" वसंतभाऊ आले. झालर एका जागी उसवली होती, तं खिशातून सुई-दोरा काढला, स्लॅपवर जाऊन टाके घातले, खाली येऊन आंग धुतलं, आन कुडकुडत म्हने, "बेस होतं."

मले त्या 'बेस'चीच चीड येऊ लागली. हा मानूस माह्या घरी येते, राह्यते, आन पावन्यासारखा 'बेस बेस' करून जाते. चहा गोड झाला तरी बेस, खाट टोचली तरी बेस. एक डाव तरी मनातलं बोला ना बावा! माही हौस एवढीच का ह्या मानसाले हे घर आपलं वाटलं पाह्यजे.

मंग एका हिवाळ्यात माही बायको बहिनीकडं अचलपूरले गेली. दुसऱ्याच दिवशी मी न्हानीत गेलो, नळ सोडला, बकेट भरली, डोळे मिटून तांब्या डोक्यावर वतला... आन अशी बोंब मारली का गल्लीतले लोक फाटकात आले. सून दाराशी येऊन म्हने, "मामाजी, पयली बकेट थंडच राह्यते. रातभर पाइपात पडलेलं पानी पयले येते ना. आत्याबाई रोज ते भांड्यायले काढून घेतेत, मंग तुमाले गरम भेटते."

आत्याबाई म्हंजे माही बायको. तिले फोन लावला. म्हनलं, एवढे हिवाळे तू बोलली काहून नाई? ती म्हने, "मले कोन इचारलं? तुमी वर पाहत होते, मी खाली होती."

मी पंचा गुंडाळूनच खाली बसलो. म्हंजे याह्याले मान देऊन देऊन मीच त्यायच्या आंगावर ते थंड पानी घालत होतो. सुनेले इचारलं, "मंग तुहा बाप ते पानी सोडून काहून देत नाई?"

"अकोल्याले नळ किती दिवसानं येते, मामाजी! बाबा भरलेली बकेट मोरीत सोडतीन का?"

"बरं, मंग सांगाले काय झालं?"

ती म्हने, "पोरीच्या सासरी बापानं खोट काढाची नसते."

मी एका तांब्यात गल्ली जागवली, आन तो मानूस पोरीले कोनी बोल लावू नाई म्हनून दर हिवाळ्यात चुपचाप...

पुढच्या डावाले वसंतभाऊ आले तं म्या काहीच सांगतलं नाई. ते न्हानीत गेले, कडी लागली, आन मी खुर्ची घेऊन दाराबाहेर बसलो. खुर्चीची माह्याकडं काय कमी?

"याही, पानी कसं हाये?"

"बेस हाये."

"बेस नाई. मले सारं माईत झालं. बोंबला. बोंबलल्याशिवाय दार उघडू देनार नाई."

आत तांब्या वाजला. मंग हळूच आवाज आला, "जरासं... थंड हाये."

"आयकू नाई आलं!"

"थंड हाये म्हनलं ना! बरफ हाये लेका, बरफ! आन टाकी न्हानीवर ठेवाची सोडून रस्त्यावर कोन ठेवते? शर्टाची गुंडी समोर पाह्यजे, टाकी नाई!"

मानूस साराच उसवला! स्वयंपाकघरात सून पदर तोंडाले लावून हासून राहिली होती, आन डोळ्याले पानी. मी म्हनलं, "आता ती बकेट बाजूले ठेवा, भांड्यायले होते. दुसरी लावा." दुसरी बकेट वाफांची निघाली. वसंतभाऊ आत गुनगुनत होते. त्यायले गाता येत नाई, हे आमाले त्या दिवशी समजलं.

तवापासून रीतच पडली. न्हानीत गेले का बोंबलत, "याही, थंड हाये!" ती बोंब आयकली का सून तवा चुलीवर ठेवे, म्हंजे आंग धुवून येईस्तोर बाबाले गरम पोळी. आन मंग त्यायचं तोंड बंदच होयेना. चहात साखर कमी, खाट करकरते, याही घोरते. मागच्या खेपेले तं फाटकातूनच, थैली खांद्यावर, "थंड हाये!" म्हनून वरडले. मी मनात म्हनलं, बस, आता ह्या मानसाले एक डाव पयलीच बकेट गरम देतो, पाहू कशावर बोंबलते. टाकी मांगं न्याचं सामान आनलं. पाइपाचा जोड ढिला केला... आन फोन आला.

अकोल्याहून परत आल्यावर मी तो जोड होता तसा कसून टाकला. पोरगा म्हने, "सामान आनलंच हाये तं टाकी मांगं घेऊन टाका ना, बाबा." म्या म्हनलं, "समोर चांगली दिसते."

पाइपावरची झालर आता जागोजाग फाटली, वसंतभाऊनं टाके घातले तेवढी जागा शाबूत हाये. सकाळी न्हानीत आता पयले मीच जातो. नळाखाली बकेट लावतो. ती भरस्तोर मले काही काम नसते, नुसता उभा राह्यतो. परवा असाच उभा होतो, बकेट भरून वाहाले लागली तरी चुपचाप. स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला,

"मामाजी, बोंबला ना जी. माहा तवा खोळंबला हाये."

मंग बोंबललो.