अक्काचं गाणं आणि भरलेला लॅपटॉप

माझा लॅपटॉप मंद झाला तेव्हा पहिल्या शिव्या मी उन्हाला दिल्या. जळगावात मे महिन्यात काहीही बिघडलं की आम्ही ते उन्हावर ढकलून मोकळे होतो. पिंप्राळ्यातल्या घरात मी तो कूलरसमोर ठेवून पाहिला, खाली लाकडी पाट सरकवला, वर पंखा सोडला. कुठलंही फोल्डर उघडायला गेलं की ते गोल चक्र फिरत राहायचं आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. पुढे पाऊस पडून हवा गार झाली तरी स्वारी हलेना. तेव्हा मात्र उन्हाची माफी मागावी लागली.

माझा संताप होण्याचं खरं कारण वेगळं होतं. काही वर्षांपूर्वी मी जुनी हार्ड डिस्क काढून लॅपटॉपमध्ये एसएसडी ही वेगवान डिस्क बसवून घेतली होती. त्याआधी लॅपटॉप चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. नंतर खुर्चीत नीट टेकायच्या आत तो तयार. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी एसएसडीचं इतकं कौतुक केलं होतं की सहकारी मला बघून विषय बदलायचे. तीच एसएसडी आता मला तोंडघशी पाडत होती.

एरवी मी काही महिने दात-ओठ खात ढकललं असतं. पण आषाढ संपता संपता धुळ्याहून वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या चुलतभावाची बायको.

"भाऊ, ते अक्कानं गानं तुमनाकडे शे ना? धुंडी ठेवा. न्हईते या साल कानबाई मुकीच उठी जाई."

श्रावणात आमचे सगळे भाऊबंद धुळ्याला चुलतभावाकडे जमतात. रविवारी कानबाई, ही आमची खानदेशातली देवी, चौरंगावर बसते, सोमवारी सकाळी उठते, म्हणजे विसर्जनाला निघते. देवीला उचलण्याआधी एक निरोपाचं गाणं लागतं आणि ते म्हणायची फक्त अक्का. अक्का आमची मोठी काकू. हे गाणं तिनं तिच्या माहेराहून आणलेलं. बाकीची गाणी साऱ्या बायकांना येतात, पण हे कुणी शिकलंच नाही. अक्का असताना शिकायचं कशाला?

मागच्या हिवाळ्यात अक्काला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, हातही पुष्कळ सुधारला, पण बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "बठ्ठं", म्हणजे सगळं. चहा देऊ का विचारलं तर बठ्ठं. बरं वाटतं का विचारलं तरी बठ्ठं. पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा मला हसू आलं आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन मी रडलो. लहानपणी कानबाईच्या रात्री आम्ही सगळी भावंडं एका रांगेत झोपायचो आणि सोमवारी अक्काच्या आवाजानंच जाग यायची. डोळे न उघडता ऐकत पडून राहायचं. चुलीवरच्या खिरीचा वास, नव्या चुन्याचा वास आणि तो उंच, जरा घोगरा आवाज. त्या सुखासारखं सुख मला पुढे फार थोड्या ठिकाणी मिळालं.

अक्काचं गाणं व्हिडिओत टिपलेलं माझ्याकडे होतं, यात शंका नव्हती. पण ते 'कानबाई' नावाच्या फोल्डरमध्ये होतं आणि त्या फोल्डरवर बोट ठेवलं की लॅपटॉप मेल्यासारखा पडायचा.

मी जंग जंग पछाडलं. चालू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद केले. व्हायरस शोधला, सापडला नाही. डिस्कची तब्येत तपासणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, तर ते म्हणालं तब्येत ठणठणीत. शेवटी बाजारातल्या एका मारवाडी दुकानदाराकडे गेलो. त्याच्या आजोबांनी त्याच दुकानात कापड विकलं, हा संगणक विकतो. त्यानं ड्राइव्हवरची लाल रेघ मला दाखवली. ती मी रोज बघत होतो, रंग आवडला नाही म्हणून दुर्लक्ष करत होतो.

"सर, डिस्क खराब नाही. गच्च भरली आहे," तो म्हणाला. "नवीन काही लिहायचं तर तिला आधीचं उचलून इकडचं तिकडे करावं लागतं. पाहुणे झोपलेल्या खोलीत अंथरूण घालून बघा, तसं होतं. चौथा हिस्सा तरी रिकामा ठेवा."

पाहुणे कोण, हे मला घरी पोहोचायच्या आत कळलं. दरवर्षी कानबाईला मी लॅपटॉप घेऊन जातो, आणि दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फोन भरलेला असतो. "तुझ्याकडे टाकून दे, मग पुसतो," म्हणतात. कानबाईच्या प्रसादाचा रोट जसा बाहेरच्याला द्यायचा नाही, घरातल्या घरात संपवायचा, तसे कानबाईचे व्हिडिओ बाहेर कुठे ठेवायचे नाहीत, हे आमच्यात न बोलता ठरलं होतं. एकाच आरतीचे डझनभर व्हिडिओ, प्रत्येकाच्या फोनमधून वेगळे. त्यांच्याबरोबर त्यांची लग्नं, बारशी, केळीच्या बागा आणि सुप्रभातची फुलंसुद्धा.

पुसायला बसलो तर तेही धड होईना. प्रत्येक व्हिडिओत कुणीतरी गेलेलं माणूस कोपऱ्यात पान खात बसलेलं. फुलं तेवढी उडवली. पण या खटपटीत एका संध्याकाळी चक्र थांबलं, फोल्डर उघडलं आणि अक्का दिसली. मी पहिली ओळ ऐकली आणि पुन्हा अडकेल या भीतीनं लगेच बंद केलं. आता ते थेट धुळ्यालाच लावायचं.

एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोहोचेपर्यंत लॅपटॉप मांडीवरच होता. रविवार गाण्यांत आणि पुरणपोळ्यांत गेला. सोमवारी सकाळी आरती झाली. अक्काला चौरंगाजवळ खुर्चीत बसवलं होतं. वहिनीनं माझ्याकडे बघून मान हलवली. मी लॅपटॉप उघडला आणि मनात कानबाईलाच हात जोडले.

गाणं सुरू झालं. अक्काचा आवाज, पूर्वीचा.

"दूरनी वाट शे वं माय..."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेवढ्यात चुलतभाऊ मागून वाकला. "तुझं चालू दे रे, माझा फोन भरला आहे," असं पुटपुटत त्यानं केबल लॅपटॉपला लावलीसुद्धा, आणि देवीचे व्हिडिओ उतरवायला घेतले. लॅपटॉपनं एक आचका दिला. अक्का पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजली. चक्र फिरू लागलं.

मी भावाकडे ज्या नजरेनं पाहिलं ती देवीसमोर बरी नव्हती. बटणं दाबली, केबल उपटली, काही होईना. पुढची ओळ कुणालाच येत नव्हती.

"पानी पिसन जाय."

आवाज खुर्चीतून आला होता. घोगरा, बारीक, पण सुरात. अक्का कानबाईकडे बघत होती, आमच्याकडे नाही. जिला सहा महिन्यांत पाणी म्हणून पाणी मागता आलं नव्हतं, ती देवीला पाणी पिऊन जा म्हणत होती. एकेक शब्द स्वच्छ. मग तिसरी ओळ आली, चौथी आली. मला आनंद झाला की भीती वाटली, हे आजही नीट सांगता येत नाही.

आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप जागा झाला. पूर्वीची अक्का मोठ्यानं दुसऱ्या ओळीवर आली आणि खुर्चीतली अक्का गोंधळून थांबली.

"बंद करा भाऊ ते!" वहिनी ओरडली.

ज्याच्यासाठी इतके दिवस जीव टाकला होता, त्याचं झाकण मी फाडकन मिटलं. अक्कानं एक श्वास घेतला आणि जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं. ही गाणी पुरुष म्हणत नाहीत आमच्यात. मी तिच्या पायाशी जाऊन बसलो आणि तिच्यामागे एकेक ओळ म्हणायला लागलो.