प्राचीच्या आईचे संशय

शाळेत खेळ शिकवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. फुटके व्हॉलीबॉल आणि किस्से! व्हॉलीबॉल निदान भंगारवाला तरी नेतो.

आमच्या प्राचीने आठशे मीटरमध्ये राज्याचं गोल्ड आणलं, तेव्हा शाळेने सत्कार ठेवला. आभारप्रदर्शन माझ्या गळ्यात पडलं. आभार म्हणजे कार्यक्रमाचा असा भाग, की तोवर अर्धे लोक चपला शोधत असतात आणि उरलेले अर्धे आलूबोंडा! हेडमास्तरीण बाई कानात म्हणाल्या, "सर, दोनच मिनिटं." मी नावं वाचली आणि खाली बसलो. त्या नावांमागचं सगळं राहूनच गेलं. ते आता तुम्हाला सांगतो.

*

प्राची तेव्हा आठवीत होती. कामठीहून शाळेत यायची. बस उशिरा पोचली की दप्तर पाठीवर घेऊन चौकातून पळत सुटायची आणि प्रार्थनेच्या आत फाटकाशी हजर! हे एक-दोनदा पाहिलं आणि मी तिच्या आईला बोलावणं पाठवलं.

कल्पनाताई महाल भागातल्या एका साडीच्या दुकानात फॉल-पिकोचं काम करायच्या. तशाच आल्या, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

"काय केलं तिनं?"

"काही नाही, ताई. पळते फार छान. रोज सकाळी ग्राउंडवर पाठवा, मी शिकवतो."

"फी?"

"काहीच नाही."

बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "काहून?"

फुकट का, असा प्रश्न! इतकी वर्षं नोकरी झाली, मला कुणी 'काहून' असं विचारलंच नव्हतं.

पुढे कळलं. कल्पनाताईंचा नवरा गेला तेव्हा दोन्ही दीर मदतीला धावून आले होते. रेशन भरून दिलं, गॅस आणून दिला. आणि तेराव्यानंतर घराच्या वाटणीचं बोलायला बसले. तेव्हापासून फुकट काही समोर आलं, की ही बाई आधी त्याच्या मागे काय आहे ते पाहते.

ग्राउंडवर त्या स्वतःच मुलीबरोबर येऊ लागल्या. पायऱ्यांवर बसायच्या आणि माझ्यावर नजर ठेवायच्या. आठवडाभराने उठून जवळ आल्या.

"सर, एक विचारू? ही एवढी पळून राहिली, पण पोचते कुठं? जिथून निघाली तिथंच तर येते!"

*

ग्राउंडच्या फाटकाशी रफिकभाईची अंड्यांची गाडी. प्राचीचा सराव पाहून त्यांनी तिला रोज उकडलेली अंडी द्यायला सुरुवात केली. पैसे नाही घ्यायचे.

कल्पनाताई गाडीसमोर जाऊन उभ्या. "कालची उरलेली असतील."

"ताई, अंडा झूठ नहीं बोलता. फोडके देखो."

बाईंनी फोडलं, वास घेतला, अर्धं केलं आणि रफिकभाईपुढे धरलं. "आधी तुम्ही खा."

त्यांनी खाल्लं. मग प्राचीला मिळालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! तो नियमच होऊन बसला. मालकाने आधी खायचं, मग मुलीने.

दिवाळीच्या सुमारास रफिकभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, लड़की की ताकद का मालूम नहीं, पण माझं पोट सुटून राहिलं!"

*

लग्नसराई आली आणि दुकान लवकर उघडू लागलं. कल्पनाताईंना सकाळी येणं जमेना. कामठीच्या स्टँडवर गजूभाऊ शेअर ऑटो चालवायचे. ते म्हणाले, "मी नेतो पोरीले. नाहीतरी पहिली फेरी तिकडंच असते."

पुन्हा फुकट! बाईंना झोप लागेना. रविवारी त्या पत्ता काढत गजूभाऊच्या घरी जाऊन थडकल्या. भिंतीवरचे फोटो पाहिले, पोरं किती ते विचारलं, शेजारणीकडूनही माहिती काढली. गजूभाऊची बायको मंदा हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहत होती. शेवटी तिनेच विचारलं, "तुम्ही त्या पोरीच्या आई काय?"

"हो. माझी पोरगी रोज कोणाच्या ऑटोत बसते, ते पाहायले आली."

मंदा म्हणाली, "बसा वं बाई, चहा घ्या. माझ्या नवऱ्याच्या ऑटोत रोज कोण बसते, ते पाहायले मी उद्या तुमच्याकडे येणारच होती!"

त्या दिवसापासून दोघींची जी मैत्री जमली ती जमलीच. दोघी मिळून गजूभाऊवर नजर ठेवायच्या.

*

नववीत प्राचीची नडगी दुखू लागली. ग्राउंडवर फिरायला येणाऱ्यांत एक तरुण फिजिओथेरपिस्ट मॅडम होत्या, धंतोलीत त्यांचं क्लिनिक. त्या म्हणाल्या, "आणा तिला, मी बघते."

तपासलं आणि म्हणाल्या, "तीन आठवडे अजिबात पळायचं नाही."

विभागीय स्पर्धा तोंडावर! कल्पनाताईंनी मला जिन्यात ओढलं. आवाज त्यांच्या मते हळू होता. "सर, ही बाई कोणत्या शाळेकडून आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या शाळेनं पाठवली असंल. आपल्या पोरीले बसवून ठेवायले!"

दार उघडंच होतं. आतून मॅडमचा आवाज आला, "मावशी, मी कोणत्याच शाळेकडून नाही. मी तिच्या नडगीकडून आहे!"

उतरता उतरता कल्पनाताई पुटपुटल्या, "बोलते चांगली. त्याचीच तर भीती वाटते."

*

आता जरा वेगळा किस्सा.

तीन आठवडे बसून नडगी बरी झाली, विभागीयला प्राची पहिली आली आणि एक गृहस्थ ग्राउंडवर उगवले. पांढरी गाडी, टाय, मोबाइलमध्ये त्यांच्या अकॅडमीचे व्हिडिओ. हॉस्टेल, जेवण, शाळा, कोचिंग, सगळं त्यांच्याकडून. मी खूश, फिरायला येणारे पेन्शनर खूश, प्राची तर हवेत!

कल्पनाताई म्हणाल्या, "तुमच्याकडची एक पोरगी फोनवर द्या. बोलू द्या मले."

"मॅडम, मुली आता प्रॅक्टिसला आहेत."

"मग संध्याकाळी द्या."

"संध्याकाळी मोबाइल अलाउड नाही. डिसिप्लिन असतं."

"मग उद्या सकाळी?"

गृहस्थ हसले. "मॅडम, कुठेतरी विश्वास ठेवावा लागतो."

"विश्वास मी देवावरही पारखूनच ठेवते. तुम्ही तर टाय लावून आले!"

नाही म्हणजे नाही. आम्ही सगळ्यांनी समजावलं. गजूभाऊ म्हणाले, "ताई, पोरीचं नशीब अडवू नका." प्राची रडली, आईशी बोलणं सोडलं. सरावाला यायची, पण मान खाली घालून. कल्पनाताई तेवढ्या दिवसांत वाळल्या. मला म्हणाल्या, "सर, मी चुकत असंल तर पोरगी मले जन्मभर बोलंल. पण त्यानं एक पोरगी फोनवर नाही दिली ना!"

काही महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातला एक बाप त्या गृहस्थांना शोधत आमच्या ग्राउंडवर आला. मुलीला तिथून परत आणलं होतं. अकॅडमीला मैदानच नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या, आणि मुली त्या माणसाच्या घरचा स्वयंपाक करायच्या, भांडी घासायच्या. सांगताना तो बाप सारखा स्वतःच्या कपाळावर हात मारत होता.

त्या सकाळी ग्राउंडवर कुणी थट्टा केली नाही. प्राची आईच्या शेजारी जाऊन बसली. रफिकभाईंनी अंडं सोललं, अर्धं केलं आणि कुणी न सांगता आधी स्वतः खाल्लं.

*

दहावीत तिच्यावरच संशय आला. विभागीय स्पर्धेत शर्यतीच्या आधी एका पालकांनी हरकत घेतली. म्हणे, ही मुलगी वयाने मोठी आहे. उंच आहे, खांदे बघा, दहावीची वाटते का?

मी तापलो. आमचे पेन्शनर तर बाह्या सरसावून उभे! अधिकारी बिचारे मवाळ. म्हणाले, "ताई, नियम आहे, वैद्यकीय तपासणी करावी लागेल. तुम्हाला अपमान वाटत असेल तर..."

कल्पनाताई शांत. प्राचीला पुढे केलं. "घ्या, तपासा. हाडं, दात, सगळं पाहा."

तपासणी झाली, वय बरोबर निघालं. प्राची पळाली आणि पहिली आली. बक्षीस समारंभानंतर हरकत घेणाऱ्या बाई ओशाळून समोर आल्या, "माफ करा हो, मला वाटलं..."

कल्पनाताईंनी त्यांचा हात धरला. "माफी काहून? बरोबरच केलं तुम्ही. तुमच्या जागी मी असती, तर मी दोनदा तपासायले लावलं असतं!"

*

आणि हा राज्याचा. स्पर्धा चंद्रपूरला होती. मी, प्राची आणि कल्पनाताई आदल्या दिवशी एसटीने गेलो. परक्या गावात आपलं कोण! मी प्राचीला सांगितलं, "आज ओरडायला मी एकटाच आहे, कान माझ्याकडे ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फायनल सुरू झाली. पहिल्या राउंडला प्राची पाचवी. दुसऱ्या राउंडच्या मागच्या वळणावर चौथी, आणि मुली तिला आत कोंडून पळत होत्या. माझा घसा बसला. तेवढ्यात समोरच्या स्टँडमधून आवाज आला, "प्राचेऽऽ, भायेरून काढ गा!" ऑटोस्टँडवरचा आवाज! पाहतो तर गजूभाऊ. बाप्यांना म्हणायचं 'गा' मुलीला म्हणत होते, इतकं भान सुटलेलं. शेजारी मंदा. रफिकभाई. धंतोलीच्या मॅडम. पेन्शनर मंडळी टोप्या हलवताहेत. साडीच्या दुकानातल्या बाया. एवढ्या सकाळी हे सगळे कधी निघाले असतील!

प्राची बाहेरून निघाली. शेवटच्या सरळ पट्ट्यात एक, दोन, तीन मुली मागे टाकल्या आणि छाती पुढे काढून रेषेवर पडली. पहिली!

मी उड्या मारतोय, डोळ्यांतून पाणी. वळून पाहतो तर कल्पनाताई ट्रॅककडे पाठ करून उभ्या. नजर स्टँडवर.

"ताई! पाहिलं की नाही? जिंकली!"

"जिंकली ना. मले माहीत होतं." त्यांनी मान वळवली नाही. एकेक चेहरा निरखून पाहत होत्या. "सर, खरं सांगा. ह्या लोकायले कोणी बोलावलं?"

"कोणीच नाही, ताई. आईची शपथ, मी तर कोणाला सांगितलंही नव्हतं."

कल्पनाताईंनी पदराने नाक पुसलं. स्टँडमधून मंदा दोन्ही हात हलवत होती.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "तेच तर मले समजून नाही राहिलं."