रेडिएटरमधले खारे पाणी

मैत्रिणींनो, आज अध्यापक महाविद्यालयाच्या मुलाखतीसाठी वडिलांबरोबर श्रीगोंद्याहून नगरला निघाले होते. वाटेतच आमची जुनी जीप तापून बंद पडली.

इंजिन गार झाल्यावर, बोलावून आणलेल्या मेकॅनिकने रेडिएटर उघडून विचारले, "अण्णा, बोरचं खारं पाणी घालता व्हय? क्षारानं नळ्या गच्च झाल्यात."

"गोडं पाणी प्यायलाच पुरंना, गाडीला कुठून घालू?" वडील म्हणाले.

रेडिएटरमध्ये खारे पाणी घालू नये, हे जीपच्या पुस्तिकेत मी वर्षापूर्वीच वाचले होते. वडिलांना शिकवणे उद्धटपणाचे वाटेल, म्हणून बोलले नाही.

पोहोचलो तेव्हा मुलाखती संपल्या होत्या. अजून रडूही आलेले नाही. वाचलेले घरी सांगायला तुम्ही सुरुवात कशी करता?